खैरझरीची कंदीलफुलं

वनस्पतिशास्त्र विभागाच्या मागच्या खोलीत बसून चिंधूभाऊ नगराळे यांनी छत्तीस वर्षं वाळलेली झाडं कागदावर शिवली. वर्ध्याच्या त्याच कॉलेजात मी ग्रंथालयात होतो. माझं अक्षर बरं म्हणून त्या कागदांवरच्या चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि पुढं आमचा दुपारचा डबाही एकत्र सुटू लागला.

त्यांचं काम बघत राहावं असं होतं. कुणी झाड आणलं की आधी मुळांची माती कुंच्यानं झाडायची. मग ते जुन्या वर्तमानपत्रात पसरायचं, लाकडी प्रेसमध्ये पट्टे आवळून ठेवायचं आणि रोज ओले कागद काढून कोरडे घालायचे. पूर्ण वाळलं की जाड पांढऱ्या शीटवर पांढऱ्या दोऱ्यानं टाके घालायचे. चिंधूभाऊंचा टाका दिसायचा नाही. झाड कागदावर नुसतं येऊन टेकलंय असं वाटायचं.

ते नाचणगावचे. रोज बसनं देवळीवरून यायचे. घरी बायको आणि म्हातारी आई, सीताबाई. मुलगी अंकिता लग्न होऊन नागपूरला. माणूस अबोल, पण नावावरून कुणी छेडलं तर हसून सांगायचे, "माह्या आधी तीन गेले. म्हणून मायनं चिंधी नाव ठेवलं. पाहणाऱ्याले वाटलं पाह्यजे, ह्या घरात उचलण्यासारखं काईच नाई."

सीताबाईसमोर मात्र हा विषय काढायची सोय नव्हती. छप्पन साली अठरा वर्षांची असताना ती नागपूरला दीक्षा घेऊन आली होती. अंगारे-धुपारे, नवस-सायास सगळं तिनं तिथंच सोडलं होतं. सोडल्यानंतर भीतीपोटी केलेली एकच गोष्ट म्हणजे पोराचं हे नाव, आणि त्याची तिला लाज वाटायची.

२०१९च्या ऑक्टोबरात वनस्पतिशास्त्राच्या स्वरदा मॅडमनी वडनेरच्या पलीकडच्या रिठ्या पाहायचं ठरवलं. रिठी म्हणजे उठून गेलेलं गाव. कागदोपत्री त्याचं नाव असतं, शिवार असतं, पण घर एकही उभं नसतं. आपण शेताच्या जमिनीला काळी म्हणतो आणि वस्तीच्या जमिनीला पांढरी. घरं पडतात, माणसं जातात, पण पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, भिंतींची माती खाऊन ती जागा पांढरीच राहते. अशा मातीत कोणती झाडं उगवतात हे मॅडमना बघायचं होतं. मॅडम पस्तिशीच्या, नुकत्या कायम झालेल्या आणि कामाला चिकट. सोबत चिंधूभाऊ.

तिथं काय झालं ते मला दोघांनीही वेगवेगळं सांगितलं, आणि दोघांचं जुळलं.

जीप डांबरी रस्त्यावर सोडून ते नाल्याकाठानं दोनेक किलोमीटर चालत गेले. खैरझरी नावाची रिठी होती ती. दुपारचं लख्ख ऊन. गुडघाभर पिवळं गवत, एक बुजलेली विहीर, दोन कडुलिंब, बाकी काही नाही. चिंधूभाऊ पुढं होते. सरळ चालता चालता ते डावीकडे वळले, दहा पावलं गेले आणि उजवीकडे वळले. मॅडम मागून सरळ गवतातून आडव्या यायला लागल्या, तसे ते म्हणाले, "तिकून नका येऊ, मॅडम. भिंत हाय."

मॅडम हसल्या. गवतात वीटसुद्धा नव्हती. मग त्यांनी चिंधूभाऊंच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांचं हसू गेलं.

"दादा, तुम्ही आधी आला होता इथं?"

"नाई. कधीच नाई."

"मग भिंत कुठली?"

"माहीत नाई, मॅडम. तोंडातून निंगून गेलं."

आणि तिथंच त्यांना ती फुलं दिसली. गवताच्या काडीला गुंडाळलेली बारीक वेल आणि तिला बोटाच्या पेराएवढी फुलं. खाली फुगीर, मधे बारीक नळी, आणि वर पाच पाकळ्या टोकाशी जुळून झालेला पिंजरा. कंदीलपुष्पाच्या जातीतली वेल होती, पण मॅडमनी अशी कधी पाहिली नव्हती. पाकळ्या आतून दुधासारख्या पांढऱ्या, त्यावर जांभळ्या शिरा. या फुलांची एक रीत असते. नळीत खाली वळलेले केस असतात. चिलट आत शिरतं, पण केसांमुळे परत वर येऊ शकत नाही. फूल त्याला दिवसभर धरून ठेवतं, मग केस सुकतात आणि ते सुटतं.

त्यांनी वेली मोजल्या. तेवीस भरल्या. काळ्या मातीत एकही नव्हती. पांढरीतही वाटेल तिथं नव्हत्या. इथं दोन, तिथं तीन, मधे मोकळी जागा, पुन्हा दोन. कागदावर ठिपके मांडून पाहिले तेव्हा मॅडमच्या लक्षात आलं की मधल्या मोकळ्या पट्ट्या गल्ल्यांसारख्या दिसतात आणि ठिपके त्यांच्या दोन्ही बाजूंना आहेत. एकच वेल सगळ्यांपासून दूर, विहिरीजवळ होती.

"दुधाचा वास येऊन राह्यला," चिंधूभाऊ म्हणाले. "कच्च्या दुधाचा."

मॅडमना वास आला नाही.

नव्या जातीला नाव द्यायचं तर एक मूळ नमुना जपून ठेवावा लागतो. त्याच्याकडे बोट दाखवून जगाला सांगता आलं पाहिजे, की हे नाव याचं. त्यासाठी मुळासकट एक वेल हवी होती. चिंधूभाऊंनी खुरप्यानं एक कंद काढला, बटाट्यासारखा, मुठीत मावेल एवढा. माती झाडताना मुळात काहीतरी अडकलेलं हाताला लागलं. तांब्याच्या तारेचं एक वळं होतं, हिरवं पडलेलं, त्यात पाच काळे मणी ओवलेले. तान्ह्या बाळाच्या मनगटात बसेल एवढं. मूळ त्याच्या मधून आरपार गेलं होतं.

मॅडम फोटो काढत होत्या. चिंधूभाऊंनी मूळ न तोडता वळं हळूच सोडवलं आणि खिशात टाकलं. एकतीस वर्षांत मॅडमपासून किंवा कुठल्याही सरांपासून त्यांनी लपवलेली ही पहिली वस्तू.

वेल आणि कंद प्रेसमध्ये गेले. पानं-फुलं चार दिवसांत वाळली. कंद मात्र वाळेना. रोज सकाळी त्याच्याखालचा कागद ओला निघायचा. चिंधूभाऊ कागद बदलायचे, पट्टे आणखी आवळायचे. बाराव्या दिवशी प्रेस उघडली तर कंदाला कोंब फुटलेला. अंधारात, दाबाखाली, बोटभर लांब पांढरा कोंब वर्तमानपत्रावर आडवा वाढला होता आणि त्याचं टोक वळून पुन्हा कंदाकडेच आलं होतं. त्या दिवशी मी चिठ्ठी लिहायला तिथंच होतो. निजलेलं मूल मूठ तोंडाशी घेतं तसं ते दिसलं.

मॅडमना नवल वाटलं नाही. "कंदात पाणी असतं, म्हणून होतं असं. दादा, उकळतं पाणी ओता याच्यावर, म्हणजे मरेल. मग वाळेल." नेहमीची पद्धतच ती. कांदे, कंद, निवडुंग, सगळ्यांचं तसंच करतात.

चिंधूभाऊंनी शेगडीवर पाणी ठेवलं. पाणी उकळलं, आटलं, भांडं करपलं. ते तसेच उभे होते.

त्या शनिवारी त्यांनी कंद डब्यात घालून घरी नेला.

सीताबाई तेव्हा एक्क्याऐंशीची. रविवारी दुपारी ती अंगणात सूप घेऊन डाळ निवडत बसली होती. चिंधूभाऊंनी तिच्यापुढं डबा उघडून ठेवला आणि शेजारी ते वळं ठेवलं. हे सगळं पुढं कित्येकदा मी त्यांच्या तोंडून ऐकलं आहे. दर वेळी ते इथं थांबतात, पाणी पितात.

सीताबाईनं कंदाला हात लावला नाही. वळं उचललं, पदरानं पुसलं.

"खैरझरीले गेलता तू?"

"माय, तुले कसं माहीत?"

"हे तुह्या आजीनं ओवलं हाय. माह्या सासूनं. ते माह्यं सासर होतं. तू तिथं जन्मला नाईस, पण नऊ महिने माह्या पोटात बसून तिथल्या गल्ल्यातून फिरला हायेस."

तोवर चिंधूभाऊंना एवढंच माहीत होतं, की बाप लवकर गेला आणि आई माहेरी नाचणगावला येऊन राहिली. सासरच्या गावाचं नाव तिनं कधी घेतलं नव्हतं, आणि विचारलं तर "उठलं ते गाव" एवढंच म्हणायची.

त्या दुपारी तिनं सांगितलं. खैरझरीत लेकरं जगत नसत. जन्मायची चांगली धडधाकट. आठव्या दिवशी दूध सोडायची, जबडा मिटायचा, अंग धनुष्यासारखं ताठ व्हायचं. नवव्या दिवशी जायची. सगळीच नाही, पण घरटी एक-दोन. लोक म्हणायचे, जागा वाईट. तिची स्वतःची तीन गेली. चौथ्या वेळी ती हट्टानं माहेरी आली आणि पुलगावच्या दवाखान्यात बाळंत झाली.

"तिथल्या नर्सबाईनं मले इचारलं, तुमच्याकडे नाळ कायनं कापतात? म्या सांगतलं, विळ्यानं. सासूचा विळा, तोच गोठ्यातही चाले. ते म्हणे, बाई, जागा वाईट नाई तुमची. विळा वाईट हाय."

"मंग आजीले सांगतलं तू?"

"सांगतलं. तिनंच तर साऱ्या गावाचे बाळंतपण केलते. आयकून घेतलं. एक शब्द नाई बोलली. विळा विहिरीत टाकून आली. मंग लोक एक-एक करून गाव सोडून गेले, तुह्या बापानं बिऱ्हाड हलवलं, पण ते नाई हलली. साऱ्यायच्या मागं एकटी राह्यली तिथं."

"आणि हे कंद?"

"जे लेकरू बारशाच्या आधी जाये, त्याले दारापाशी पुरत. सासू वरतून एक कंद लावे. म्हणे, मुळ्या खालून धरून ठेवतात, कोल्हं उकरत नाई." सीताबाईनं वळं मुठीत धरलं. "नाव मायनं मनात ठेवलेलं राहे. ते फक्त सासूच्या कानात सांगायचं. मोठ्यानं नाई घ्यायचं."

"काऊन?"

"मोठ्यानं घेतलं का लेकरू मोकळं होते. निंगून जाते. कोणत्या मायले वाटन जावं म्हणून?"

मग तिनं विचारलं, कंद कुठून काढला. चिंधूभाऊंनी सांगितलं, दोन कडुलिंबांच्या मधल्या दारातून, उजव्या अंगाचा. सीताबाईनं डोळे मिटले.

"ते पहिलं. पोरगी होती. दीक्षेच्या दुसऱ्या साली झालती." आणि तिनं पोराचं डोकं खाली ओढून त्याच्या कानात नाव सांगितलं.

सोमवारी चिंधूभाऊंनी डबा मॅडमच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं, वळं लपवलं तेही. मी दाराशी उभा होतो. मॅडमनी डबा जवळ ओढला. मला वाटलं, आता समजावतील की दादा, हे विज्ञान आहे. त्या म्हणाल्या, "फोटो आहेत, चित्र काढून झालंय. शीटवर वेल पुरे. दादा, हे जिथून आणलंत तिथं लावून या. आणि यापुढं तिथला एकही कंद कुणी काढायचा नाही."

शीटवरच्या चिठ्ठीत मी शेवटची ओळ लिहिली: कंद मूळ जागी परत लावला.

पुढं टाळेबंदी आली. कॉलेज बंद, सगळंच बंद. एकवीसच्या पावसाळ्यानंतर मॅडमनी पुन्हा जाऊन फुलं पाहिली, मापं घेतली, बाहेरच्या संग्रहांतल्या शीटांचे फोटो मागवून ताडून बघितले. तेवीसच्या तेवीस वेली होत्या, कंद परत लावलेली सुद्धा. प्रत्येकीशेजारी मॅडमनी खिळ्याला अॅल्युमिनियमचा बिल्ला अडकवून आकडा ठोकला. विहिरीजवळच्या वेलीचा आकडा तेवीस.

बावीसच्या उन्हाळ्यात लेख लिहून झाला तेव्हा मॅडमनी चिंधूभाऊंना बोलावलं. "दादा, नव्या झाडाला माणसाचं नाव देता येतं. मी तुमचं देतेय."

चिंधूभाऊ एकदम मागं सरले. "नाई मॅडम. माह्यं नाव दिसू नये म्हणून ठेवलेलं नाव हाय ते. छापू नका."

"मग कुणाचं देऊ?"

त्यांनी दोन दिवस मागितले. घरी आईला विचारलं. सीताबाई दोन्ही दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते बससाठी निघाले, तेव्हा ती दारातून म्हणाली, "लिव म्हणा."

असं ते नाव झालं, सीताबाईच्या पहिल्या पोरीचं. यशोधरा. लॅटिनच्या नियमाप्रमाणे त्याला शेवटी एक शेपूट लागलं, पण नाव तेच. जगभरात दरवर्षी दोनेक हजार वनस्पतींना पहिल्यांदा नाव मिळतं. २०२२च्या त्या यादीत खैरझरीच्या पांढरीतली एक वेल गेली. त्या वर्षी कॉलेजात पेढे वाटले. पेपरात छोटी बातमी आली. जागा नेमकी कुठं ते मॅडमनी छापू दिलं नाही.

बातमी वाचून दाखवल्यावर सीताबाई म्हणाली, "मले तिथं घेऊन चाल."

ऑक्टोबरात आम्ही चौघं गेलो. नाल्यापासून पुढं चिंधूभाऊंनी आईला पाठीवर घेतलं. रिठीवर पोचल्यावर ती उतरली आणि काठी टेकत चालू लागली, गल्लीतून चालतात तशी, कोपऱ्यावर वळून. एका ठिकाणी तिनं मान वाकवून चौकट चुकवली. डोक्यावर मोकळं आभाळ होतं.

बिल्ला क्रमांक एकपाशी ती थांबली. "हे काशीबाईचं. भीमराव."

मोठ्यानं म्हणाली. मी चमकून चिंधूभाऊंकडे पाहिलं. ते आईकडे बघत होते.

"लिवा ना, भाऊ," सीताबाई मला म्हणाली. "सासूनं मरायच्या आधी मले सारे नावं सांगतले. मी गेलती तिले पाहाले. म्हणे, मी ठेवले, आता तू ठेव. पन्नास वर्षं ठेवले म्या. आता मी कोणाच्या कानात ठेवू? एकीचं कागदावर आलं, तर बाकीच्याईनं काय केलं?"

मी वहीत लिहीत गेलो. दोन, तुळसाचं, सुमन. तीन, तुळसाचंच, त्याचं नाव बळीराम. चार, पाच, सहा. ती कुठंच अडखळली नाही. आपल्या दारातल्या तिघांपाशी ती खाली बसली आणि एकेकाच्या मातीवर हात ठेवून नाव घेतलं. वाऱ्याची झुळूक नव्हती. मॅडम भिंगातून फुलं बघत आमच्या मागून येत होत्या. थोड्या वेळानं त्यांनी मला हळूच हाक मारली.

"माधवराव, हे बघा. केस सुकलेत. चिलटं सुटून चाललीयत."

"ते तर होतंच ना?"

"एकेका फुलाचं होतं, ज्याच्या त्याच्या वेळेला. एका वेलीवरच्या सगळ्या फुलांचं एकदम नाही होत." "आणि पुढच्या वेलींचं अजून झालेलं नाही. फक्त आपण मागं टाकल्या त्यांचं."

मी मागं वळून पाहिलं. गवतावर बारीक धूर हलावा तशी चिलटं वर चढत होती.

बावीस नावं झाली. मग सीताबाई विहिरीजवळ गेली आणि तेविसाव्या वेलीपाशी उभी राहिली. सगळ्यांत दाट फुलं हिलाच होती.

"हे मले माहीत नाई," ती म्हणाली.

"आजी सांगाले विसरली असन, माय."

"ते इसरणारी बाई नव्हती. तिनं सांगतलं नाई." तिनं इकडं तिकडं पाहिलं. इथं दार नव्हतं, घर नव्हतं, विहीर सोडून काही नव्हतं. "चाला आता." जाताना तिनं मागं वळून पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी, तेवीसच्या ऑक्टोबरात, खैरझरीवर एकच वेल उगवली.

पाऊस चांगला झाला होता. गवत कमरेएवढं होतं. बावीस बिल्ले जागच्या जागी होते आणि त्यांच्याशेजारी काही नव्हतं. मॅडम म्हणाल्या, कंद कधीकधी एखादं वर्ष झोपून काढतात. तरी त्यांना राहवेना. सात नंबरच्या बिल्ल्याशेजारी त्यांनी बोटांनी माती बाजूला केली. वीतभर खाली एक पोकळी लागली, आतून गुळगुळीत, कंदाच्या आकाराची. उंदरानं खाल्ला असता तर टरफल असतं, सडला असता तर माती काळी असती. वरून माती ढासळलेलीसुद्धा नव्हती. मॅडमनी आणखी दोन जागा पाहिल्या. तसंच. मग त्या तिथंच बसून रडल्या. ज्या जातीला त्यांनी जगात नाव मिळवून दिलं, ती पृथ्वीवर आता विहिरीजवळच्या एका वेलीपुरती उरली होती. आणि एकट्या वेलीला बी धरत नाही.

त्या दिवशी परतताना नाल्यापाशी एक म्हातारा म्हशी चारताना भेटला. अण्णाजी त्याचं नाव. यवतमाळकडून चार-पाच वर्षांपूर्वी वडनेरला लेकीकडे राहायला आलेला. आमची विचारपूस करून तो म्हणाला, "तिकडची वस्ती उठली वाटते, साहेब?"

"कोणती वस्ती?" मी विचारलं.

"तेच, लिंबाच्या पल्याडची. दुपारी लेकरायचा लई कालवा राहे. खेळत, हासत. मजूर लोक असतीन म्हटलं, मी कधी गेलो नाई तिकडं. मागच्या दिवाळीपासून सारं चूप." त्यानं म्हशीला हाकललं. "एक मागं राह्यलं वाटते पण. लहानसं. दुपारी रडते."

जीपमध्ये बसेपर्यंत चिंधूभाऊ लिंबांच्या दिशेनं बघत होते.

घरी गेल्यावर त्यांनी आईला विचारलं, "माय, त्याले आपणच एक नाव देऊन टाकू का?"

सीताबाई अंथरुणाला खिळलेली होती. "नाव माय देते. तू त्याचा कोण?"

चोवीसच्या उन्हाळ्यात ती गेली. कुणाच्या कानात काही न सांगता, झोपेत. त्याच वर्षी चिंधूभाऊ निवृत्त झाले. मी त्याआधीच झालो होतो. मला वाटलं, ते आता लेकीकडे नागपूरला राहायला जातील. गेले नाहीत. पावसाळा सरला की ते आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा, वडनेरची बस धरतात, नाल्याकाठानं चालत जातात आणि विहिरीजवळ बसतात. बायको चिडते. अंकिता फोनवर रागावते. ते ऐकून घेतात.

एकदा मी सोबत गेलो. ते वेलीपासून हातभर अंतरावर मांडी घालून बसले आणि बोलायला लागले. बस कशी भरली होती, देवळीत कोण चढलं, सोयाबीन कसं आहे. शाळेतून आलेल्या पोराशी बोलतात तसं. मी कडुलिंबाखाली बसलो. मला काही ऐकू आलं नाही. वास मात्र आला, कच्च्या दुधाचा, इतका दाट की मी नाकाला रुमाल लावला.

येताना अण्णाजी भेटला. तो चिंधूभाऊंना म्हणाला, "तुमी आले का ते चूप राह्यते, भाऊ. तुमी गेले का पुन्हा सुरू."

त्या दिवसापासून ते उशिरापर्यंत बसायला लागले. शेवटची बस चुकू नये म्हणून धावत यायचं वय नाही आता त्यांचं.

यंदाच्या, पंचवीसच्या ऑक्टोबरात त्यांनी मॅडमना फोन लावला तेव्हा मी त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. फोन मोठ्या आवाजावर होता. वेल आली आहे, सहा कळ्या आहेत, असं त्यांनी सांगितलं. मॅडमनी सुटकेचा श्वास सोडलेला मलाही ऐकू आला. ज्या मॅडमनी कोंबावर उकळतं पाणी ओतायला सांगितलं होतं, त्याच मॅडम जरा वेळानं, अगदी हलक्या आवाजात, विचारत होत्या, "दादा, तुम्ही त्याला काही नाव तर नाही ना दिलंत?"

रस्त्यावरून पुलगावची एसटी गेली.

"मनात एक हाय," ते म्हणाले. "अजून घेतलं नाई."